राणीची ओळख



शिवालिकच्या पायथ्याशी वसलेल्या चंडीगडात पावसाच्या पहिल्या मोठ्या सरीनंतर दिव्यांभोवती पंखांच्या मुंग्या जमतात. मीलन झालेली मादी जमिनीवर उतरते, आपले पंख गाळते आणि बिळासाठी जागा शोधते. अशी एखादी राणी जिज्ञासू मुलाच्या काचेच्या नळीत येते, आणि प्रश्न उभा राहतो : हिची जात कोणती?

उत्तराचा आरंभ सोपा आहे. गळालेल्या पंखांच्या खुणा, भरदार छाती आणि माथ्यावरचे तीन साधे डोळे यांवरून ती राणी ठरते. मग भिंगातून कंबर पाहावी. तिथे एकच गाठ आणि पोटाच्या टोकाशी नांगीऐवजी आम्ल सोडणारे गोल छिद्र असेल, तर ती मुंगळ्याच्या उपकुलातील. कोकणापासून चंडीगडपर्यंत आढळणारा काळा मुंगळा, म्हणजे ‘कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस’, याच उपकुलातला.

परंतु उपकुल वा वंश कळणे म्हणजे जात कळणे नव्हे. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या सूचीत भारतातील मुंग्यांच्या 828 जाती-उपजाती 100 वंशांत नोंदल्या आहेत. त्या वेगळ्या ओळखण्याची लक्षणे बहुधा कामकरी मुंग्यांवरून ठरलेली असतात. म्हणून एकट्या राणीच्या छायाचित्रावरून घाईने लावलेले नाव पुष्कळदा अंदाजच असते.

मग वाट पाहावी लागते. मुंगळ्याची राणी या काळात काही खात नाही. उडण्याचे स्नायू विरघळवून ती पहिल्या पिल्लांना पोसते. नळीत पाण्याची ओल आणि भोवती अंधार असावा. कुतूहलापोटी नळी वारंवार हलवली, तर ती घाबरून स्वतःची अंडी खाऊ शकते. जिला ओळखायचे, तिला काही आठवडे न पाहणे हाच ओळखीचा मार्ग! पुढे कामकरी निपजतात. पण पहिली पिढी नेहमीपेक्षा लहान असते, म्हणून तेव्हाही सबुरी हवी.

मुंबई इलाख्यातील वनाधिकारी रॉबर्ट रॉटन यांनी 1892 साली मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात भारतीय मुंग्यांवर लिहिले. अशा जाणकारानेही आपले नमुने स्वित्झर्लंडच्या ऑग्युस्त फोरेल यांच्याकडे पाठवले होते. दुसऱ्याची नजर मागण्यात कमीपणा नसतो.

तेव्हा पालकहो, मुलाने नळीवर ठिकाण, तारीख, लांबी लिहून पुढे ‘कॅम्पोनोटस, जात अनिश्चित’ असे लिहिले, तर ते उत्तर अपुरे समजू नये. जेवढे दिसले तेवढेच त्याने लिहिले आहे. उरलेले राणीच्या लेकी सांगतील.