बांध कुठे घालायचा? पहूरच्या शेतातून निघालेला रिसर्च पेपर

बसमध्ये, हॉस्टेलवर, नाहीतर रात्रपाळीच्या लाईटवर पिकाला पाणी देता देता ऐकत असाल, तर तुमचं स्वागत. मी मूळचा पहूरचा. जळगावहून अजिंठ्याकडे जाताना जामनेर तालुक्यात लागतं ना, वाघूर नदीकाठचं, तेच पहूर. बीटेक केलं, आता पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पीएचडी नाही, गाईड नाही. तरी मी एक रिसर्च पेपर लिहिला, आंतरराष्ट्रीय परिषदेला पाठवला आणि तो नापास झाला. आज त्याचीच गोष्ट.

सुरुवात घरातून. माझे वडील आप्पा आणि काका म्हणजे नाना, दोघांच्या नावावर एकच शेत. अर्धी जमीन भारी, काळी. बाकीची हलकी, मुरमाड. वाटणी अर्धी-अर्धी करायची यावर दोघांचं एकमत. पण अर्धी म्हणजे कशी? नुसतं क्षेत्र सारखं केलं तर एकाला कपाशीची काळी जाते आणि दुसऱ्याच्या वाट्याला मुरूम येतो. तीन वर्षं हा विषय निघाला की ताटात भाकरी तशीच राहायची.

मी विचार केला, एकच सरळ बांध असा घालता येईल का, की भारीही अर्धी होईल आणि हलकीही अर्धी?

येतो! आणि कारण सोपं आहे. कोणतीही दिशा घ्या, भारी जमीन अर्धी करणारी एक रेघ मिळतेच. आता ती रेघ हळूहळू फिरवा, भारी कायम अर्धीच ठेवून. समजा सुरुवातीला डाव्या हाताला हलकी ४० टक्के होती. रेघ १८० अंश फिरली की डावं ते उजवं होतं, म्हणजे डाव्या हाताला आता ६० टक्के. चाळीसवरून साठवर जाताना वाटेत पन्नास लागणारच. तिथे बांध घाला. याला हॅम सँडविच प्रमेय म्हणतात. पोलंडच्या गणितज्ञांनी १९३८ साली ते मांडलं.

मी प्रोग्रॅम लिहिला. शेताचे कोपरे मोबाईलच्या जीपीएसने घेतले नाहीत. त्यात चार-पाच मीटर इकडेतिकडे होतं, आणि तेवढ्यावरून आपल्याकडे महाभारत घडतं. मोजणीच्या नकाशावरून घेतले. प्रोग्रॅमने रेघ काढून दिली, आणि मला वाटलं, आपण शोध लावला.

या विषयाला संगणकीय भूमिती म्हणतात. कॉम्प्युटर सायन्समध्ये परिषदेत पेपर येणं हीच मोठी गोष्ट असते. या विषयाची सगळ्यात मोठी परिषद, सिम्पोझियम ऑन कॉम्प्युटेशनल जॉमेट्री, १९८५ पासून भरते. कॅनडातली दुसरी एक १९८९ पासून, आणि तिथे पेपर सहा पानांचा. पेपर पाठवायला पैसे लागत नाहीत आणि डिग्री कोणी विचारत नाही. बऱ्याच ठिकाणी तर परीक्षकांना लेखकाचं नावही दिसत नाही. पहूरचा मुलगा की परदेशातला प्रोफेसर, त्यांच्यासमोर फक्त पानं असतात.

मी एका परिषदेला पाठवला. लॅटेकमध्ये टाईप करायला महिना गेला. शेवटच्या तारखेपुढे 'एओई' लिहिलेलं असतं, म्हणजे पृथ्वीवर कुठेही ती तारीख संपेपर्यंत. आपल्याकडे दुसऱ्या दिवशी संध्याकाळचे साडेपाच. मला हे माहीत नव्हतं, म्हणून आदल्या रात्री उगाच जागलो.

अडीच महिन्यांनी मेल आला. नापास. तीन परीक्षकांची मतं होती. पहिल्याने दोनच ओळी लिहिल्या होत्या: बहुभुजाकृती अशी कापण्यावर १९९० सालीच कॅनडाच्या त्या परिषदेत पेपर झालाय, जोसेफ ओरूर्क आणि त्यांच्या सहलेखकाचा. म्हणजे माझ्या जन्माच्याही आधी!

खरं सांगतो, त्या रात्री जेवलो नाही. मी शोधलं नव्हतं असं नाही. पण 'जमिनीची वाटणी' असं शोधलं होतं, आणि ते लोक त्याला 'पॉलिगॉनचं हॅम सँडविच सेक्शनिंग' म्हणतात. मंडळी, ही गोष्ट लक्षात ठेवा. तुमचा प्रश्न जगात कुठेतरी दुसऱ्याच नावाने नांदत असतो. आधी ते नाव शोधा.

दोन दिवसांनी मेल परत उघडला. तिसऱ्या परीक्षकाने लांबलचक लिहिलं होतं. शेवटी एक प्रश्न होता: खऱ्या शेतात रेघ कुठूनही जाऊन चालते का? मी हसलोच. कारण आप्पांनी माझी रेघ बघून पहिल्या मिनिटाला तेच विचारलं होतं, "आन् मंग विहीर कोनाकडे गेली?"

विहीर सामाईक आहे. बांध विहिरीवरूनच जायला हवा. पण एकच सरळ रेघ विहिरीतून न्यायची म्हटली, तर दोन्ही जमिनी अर्ध्या होतीलच याची खात्री नाही. मग बांधाला विहिरीपाशी वळण दिलं तर?

आता विहिरीवर उभे राहा. दोन्ही हात असे पसरा, की हातांच्या मधे भारी जमीन बरोबर अर्धी येईल. हळूहळू गोल फिरा, हातांमधलं अंतर कमीजास्त करत भारी अर्धीच ठेवा. सुरुवातीला हातांमधे हलकी अर्ध्याहून कमी असेल, तर फिरता फिरता एक क्षण असा येतो की हातांमधे नेमका उरलेला भाग येतो, म्हणजे अर्ध्याहून जास्त. मधे कुठेतरी ती बरोबर अर्धी होतेच. म्हणजे विहिरीपाशी वळणारा बांध नेहमी सापडतो.

या वेळी पाठवण्याआधी शोधलं. सापडलं! बारानी आणि मातोउशेक यांचा अशा पंख्यासारख्या वाटणीवरचा पेपर, २००१ सालचा. म्हणजे हेही जुनंच. पण या वेळी ते मला परीक्षकाने सांगावं लागलं नाही. मग विचारलं, माझं नवं काय? आमच्या शेतात अजून एक अट आहे: दोन्ही वाट्यांना रस्ता लागला पाहिजे. ते कधी जमतं, कधी जमत नाही, आणि जमत असेल तर पटकन कसं शोधायचं, एवढंच मी सहा पानांत लिहिलं. पहिल्याच पानावर स्पष्ट सांगितलं: एवढं जुनं, आणि एवढंच माझं.

'माझी पद्धत फारच सोपी आहे, हसतील' अशी भीती वाटत असेल, तर एक नाव सांगतो. मुंबई आयआयटीत शिकलेले केतन मुलमुले. एकमेकांना छेदणाऱ्या रेघांनी कागदाचे कसे तुकडे पडतात ते शोधायची त्यांची पद्धत अगदी साधी: रेघा चिठ्ठ्या टाकल्यासारख्या कोणत्याही क्रमाने घेत जायच्या. ती वेगाने का चालते, हे सिद्ध करणं मात्र कठीण होतं. या कामाचा एक भाग १९८९ साली सिम्पोझियममध्ये आला. पद्धत सोपी असली तरी चालते, सिद्धता पक्की पाहिजे.

आणि सावध राहा. 'दहा हजार भरा, आठवड्यात पेपर छापून सर्टिफिकेट घ्या' असे मेल येतील. तिथे कोणी वाचत नाही. मला नापास करणाऱ्या तिघांनी माझं प्रत्येक पान वाचलं होतं, तेही फुकट.

दुसऱ्या पेपरचा निकाल यायचाय. नापास झाला तरी सांगेन.

आणि शेताचं? वळणाच्या बांधाचा नकाशा घेऊन दिवाळीत घरी गेलो. नानांनी तो उलटासुलटा करून पाहिला, विहिरीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ही दोघांची राहीन ना? मंग बघू." आप्पा म्हणाले, "कागदावर रेघ मारनं सोपं आहे भाऊ, बांध घालनं आवघड." पण परवा दोघं एकाच मोटारसायकलवर जामनेरला गेले, मोजणीचा अर्ज करायला.

तुमच्या घरात, शेतात, दुकानात असा अडलेला प्रश्न असेल तर व्हॉइस नोट पाठवा. त्याचं जगातलं नाव काय ते आपण मिळून शोधू. भेटू पुढच्या भागात!