शंभर यार्डांची राखण

(नागपूर येथे पालक व शिक्षकांच्या मेळाव्यात झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



विदर्भात खर्रा म्हणजे काय, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यावर घोटण्याचे दृश्य आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की, ते शाळेच्या भिंतीलगत दिसले तरी आपण थबकत नाही.

२०१९ साली देशभर झालेल्या युवक तंबाखू सर्वेक्षणात १३ ते १५ वयोगटातील ८.५ टक्के विद्यार्थी तंबाखूचे सेवन करीत असल्याचे आढळले. त्याहून अस्वस्थ करणारी बाब पुढे आहे. धूरविरहित तंबाखूचे सेवन केलेल्या मुलांपैकी ५२ टक्के मुलांनी ती वयाची दहा वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच तोंडात घातली होती. चौथी-पाचवीतल्या मुलाला टपरीचा रस्ता कोण दाखवतो? स्पष्ट बोलतो, राग मानू नये. 'जा रे, एक खर्रा घेऊन ये' असे सांगणारे आपणच असतो.

कायदे नाहीत, असे म्हणण्याची सोय आता राहिलेली नाही. महाराष्ट्राने २००२ साली गुटख्यावर बंदी घातली होती. राज्याला तसा अधिकार नाही, असे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली ती रद्द केली. पुढे अन्नसुरक्षा कायद्याखालील २०११ च्या नियमांनी खाद्यपदार्थांत तंबाखू व निकोटिन निषिद्ध ठरवले आणि त्या बळावर २०१२ साली राज्यात पुन्हा बंदी आली. उत्पादकांनी काय केले? पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत. गिऱ्हाईक दोन्ही हातावर एकत्र करते. या चातुर्याचे कौतुक करावे की संताप, तेच कळत नाही!

ई-सिगारेटचेही तसेच. सप्टेंबर २०१९ मध्ये अध्यादेशाने आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कायद्याने तिचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात या सर्वांवर बंदी आली. उत्पादन, आयात, विक्री किंवा जाहिरातीच्या पहिल्याच अपराधाला एक वर्षापर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. तरीही पेनड्राइव्हसारखी दिसणारी, फळांच्या वासाची ही वस्तू मुलांच्या दप्तरात सापडते. धुराला उग्र वास नसल्यामुळे आईला संशयही येत नाही. त्यात निकोटिनच असते, हे मात्र मुलाला कोणी सांगितलेले नसते.

आता आपल्या हाती असलेल्या गोष्टीकडे येतो. २००३ च्या कायद्याच्या सहाव्या कलमानुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीला तंबाखू विकता येत नाही आणि शैक्षणिक संस्थेपासून शंभर यार्डांच्या परिसरात तर कोणालाच विकता येत नाही. या कलमाच्या भंगाला दंड ठेवला तो अवघा दोनशे रुपयांपर्यंत, म्हणून त्याचा धाक वाटला नाही. परंतु बालन्याय कायदा, २०१५ याचे ७७ वे कलम पाहा. बालकाला तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सश्रम कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तेथे केवळ 'विकणारा' म्हटलेले नाही, 'देणारा' म्हटले आहे. घरातील वडीलधाऱ्यांनी हा शब्द नीट ऐकावा.

आणखी एक. पुष्कळजण हे अंतर शाळेच्या फाटकापासून रस्त्याने मोजतात. नियम तसा नाही. ते कुंपणाच्या बाह्य सीमेपासून सरळ रेषेत, सर्व दिशांना मोजायचे असते. म्हणजे मागच्या गल्लीतील टपरीही त्यात येते. तो टपरीवाला आपल्याच वस्तीतला, दोन लेकरांचा बाप आहे. त्याच्याशी भांडायला जायचे नाही. प्रथम त्याला नियम दाखवायचा, जागा बदलण्यास किंवा दुसरा माल ठेवण्यास साहाय्य करायचे. ऐकलेच नाही, तर मुख्याध्यापकांच्या सहीचा अर्ज पोलीस ठाण्यात द्यायचा आणि त्याची पोच घ्यायची. पोच घेतल्याशिवाय परतायचे नाही.

येत्या रविवारी सकाळी आठ वाजता आपल्या शाळेपासून आरंभ करू. शंभर यार्ड म्हणजे एक्क्याण्णव मीटरांहून थोडे अधिक. लांब मोजपट्टी ज्यांच्या घरी असेल, त्यांनी ती सोबत आणावी.