अभ्यासाची गोडी

(विहाराच्या रौप्यमहोत्सवी वर्धापनदिनी केलेले भाषण)



आम्ही काही वक्ते नाही. सातवीपर्यंत शाळा झाली आणि १९८८ साली वडिलांच्या जागी गिरणीत बदली म्हणून लागलो. दहावी केली ती रात्रशाळेत, वयाच्या सव्विसाव्या वर्षी. २००१ साली गिरणीचा भोंगा बंद झाला, तेव्हा भिवंडीला यंत्रमागावर गेलो. आजही तिथेच पाळी करतो. त्यामुळे ‘विद्यार्थ्यांना अभ्यासाची गोडी कशी लागेल’ हा विषय समितीने आम्हाला दिला तेव्हा आम्ही म्हटलं, अहो, एखाद्या मास्तरांना बोलवा. तर सेक्रेटरी म्हणाले, “मास्तर शिकवण्याबद्दल सांगतील. पोरं पुस्तकापासून पळतात कशी, ते तुम्ही सांगा.” ते बरोबर बोलले. आमच्या घरातलं पोरगं आम्हीच पळवलं आहे.

ती गोष्ट आधी सांगतो. ज्याची गोष्ट आहे त्याची परवानगी घेतलेली आहे.

२००९ साली आमचा थोरला मुलगा आठवीत होता. गणितात शंभरपैकी अकरा मार्क पडले. आम्ही रातपाळी करून आलेलो, डोळ्यात झोप, हातात प्रगतिपुस्तक. कमरेचा पट्टा काढला. मारता मारता तोंडाने म्हणत होतो, “बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करायचे, तुला दोन तास बसवत नाही?” बंधूंनो, ज्या महापुरुषाने आम्हाला माणूस केलं त्याचं नाव आम्ही त्या दिवशी पट्ट्याला लावलं. पुढे पोरगा रोज दोन तास पुस्तकासमोर बसायला लागला. आम्ही खूश. पण पान काही उलटत नव्हतं, हे आम्ही पाहिलंच नाही. नववीत नापास झाला, शाळा सुटली. आज तो दुचाकीवर पार्सल पोचवतो. मागे एकदा जेवताना सहज म्हणाला, “पप्पा, मला गणिताची भीती नव्हती. जिन्यात तुमच्या चपला वाजल्या की भीती वाटायची.”

त्या रात्री आम्हाला घास गेला नाही. तेव्हापासून आम्ही या विषयाचा विचार करतो आहोत.

बाबासाहेबांचं उदाहरण आपण सगळेच देतो. पण ते अर्धंच देतो. अठरा तास सांगतो, ते तास कशावर उभे होते ते सांगत नाही. परळच्या चाळीत एकच खोली, तिच्यातच चूल, तिच्यातच सगळा संसार. रामजी सुभेदार मुलाला लवकर झोपवायचे, स्वतः जागे राहायचे आणि रात्री दोनला त्याला उठवायचे, कारण त्या वेळी चाळ शांत असे. पुस्तकाला पैसे नसले तर लेकीच्या घरी जाऊन तिचा दागिना मागून आणायचे आणि गहाण टाकायचे. म्हणजे बाप मुलाबरोबर जागत होता. पुढे चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या या मुलाकडे कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींचं लक्ष गेलं. १९०७ ला मॅट्रिक झाल्यावर सत्काराच्या वेळी त्यांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्याला भेट दिलं. त्या एका पुस्तकाचा धागा १९५६ च्या नागपूरपर्यंत जातो. न्यूयॉर्कला शिकताना जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून बाबासाहेबांनी दोन हजारांच्या आसपास पुस्तकं घेतली. असं वेड माराच्या भीतीने लागत नाही. तेव्हा ‘अभ्यासात कसली आलीय गोडी, अभ्यास म्हणजे कष्ट’ असं जे म्हणतात, त्यांना आमचं सांगणं आहे की कष्ट खरेच, पण गोडी लागली तरच माणूस ते कष्ट उपसतो.

आता धम्मातलं एक उदाहरण. चूळपंथक नावाचा भिक्खू होता. चार महिने झाले तरी त्याला एक गाथा पाठ होईना. त्याचा सख्खा थोरला भाऊ महापंथक, तोही भिक्खू, तो म्हणाला, “तुझ्याने होणार नाही, निघून जा.” चूळपंथक रडत निघाला, तेव्हा भगवंतांनी त्याला थांबवलं. त्यांनी त्याला गाथा पुन्हा घोकायला लावली नाही. स्वच्छ पांढरं फडकं हातात दिलं आणि धूळ निघून जावी अशा अर्थाचे दोनच शब्द म्हणत ते चोळत बस म्हणाले. चोळता चोळता फडकं मळलं. ते पाहून त्याला उमगलं की मनसुद्धा असंच मळतं. तो अर्हत झाला. शिष्य तोच होता, शिकवायची रीत बदलली होती. भावाने ‘ढ’ ठरवलं, गुरूने वाट शोधली. आपण घराघरात महापंथक होतो आहोत का, हे प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावं.

आम्ही यंत्रमागावरचे माणूस. ताण्याचा धागा तुटला तर माग थांबवायचा, तुटलेलं टोक हुडकायचं, गाठ मारायची आणि मग माग चालू करायचा. मागाला लाथ मारून कापड निघत नाही. पोराचं तसंच असतं. आमच्या मुलाचं आठवीचं बीजगणित अडलं होतं, पण धागा तुटला होता चौथीच्या अपूर्णांकात. ते टोक कुणी शोधलंच नाही. चार वर्षं माग तसाच चालू ठेवला.

२०१२ साली आपण या सभागृहात संध्याकाळी सात ते नऊ अभ्यासिका सुरू केली. पहिल्या वर्षी आमचीच चूक झाली. गप्प बसा, पाठ करा, शिस्त पाळा, एवढंच चाललं. तीस मुलं आली, दिवाळीपर्यंत सहा राहिली. मग आम्ही रीत बदलली. ती थोडक्यात सांगतो, घरीही करता येईल.

पहिली गोष्ट, मूल जिथे उभं आहे तिथून सुरुवात. सातवीच्या मुलाला तिसरीचा भागाकार येत नसेल तर तिसरीचाच घ्यायचा आणि हसायचं नाही. अपूर्णांक भाकरीवर शिकवायचा. क्षेत्रफळासाठी विहाराच्या फरशा मोजायच्या. विजेचं बिल आणलं तर त्यात गुणाकार, बेरीज, टक्केवारी सगळं सापडतं. इतिहास म्हणजे आजीला विचारून ये, आपण गाव सोडून इथे का आलो. ज्या मुलाने १९८२ चा गिरणी संप आजोबांच्या तोंडून ऐकला, त्याला पुस्तकातला संप परका वाटत नाही.

दुसरी, पुस्तक मिटून आठवायचं. पोरं एकच पान दहा वेळा वाचतात आणि येतंय असं समजतात. जर्मनीत एबिंगहाउस नावाच्या संशोधकाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली दाखवलं की पाठ केलेलं सुरुवातीलाच भराभर विसरतं, आणि मध्ये दिवस सोडून उजळणी केली तर कमी मेहनतीत टिकतं. म्हणून आपल्याकडे चिठ्ठ्यांचा डबा आहे. मुलांनीच प्रश्न लिहायचे, मुलांनीच काढायचे. आज शिकलेलं उद्या, मग चार दिवसांनी, मग आठवड्याने पुन्हा डब्यातून येतं. हा डबा उघडला की किती कालवा होतो ते शेजाऱ्यांना विचारा. तक्रारी आल्या आहेत!

तिसरी, मोठ्याने लहानाला शिकवायचं. नववीची मुलगी पाचवीच्या मुलाला शिकवते तेव्हा दोघंही शिकतात. शिकवायला बसलं की आपल्याला काय येत नाही ते लगेच कळतं.

चौथी, वेळेची. सोण नावाच्या भिक्खूने चालून चालून पायातून रक्त काढलं, तेव्हा भगवंतांनी त्याला वीणेच्या तारेचं उदाहरण दिलं. तार फार ताणलेली नको, फार सैलही नको. आपण अर्धा तास अभ्यास झाला की पाच मिनिटं मुलांना उठवतो. पाणी प्या, उड्या मारा, परत या.

पाचवी, प्रश्न विचारणाऱ्याला गप्प करायचं नाही. कालामांना भगवंतांनी हेच सांगितलं, की केवळ गुरू म्हणतो म्हणून मानू नका. मग मुलाने ‘का’ विचारलं तर आपल्याला राग का यावा?

आणि घरच्यांसाठी एकच. आईला अक्षर येत नसलं तरी चालेल. तिने रोज भाकरी थापता थापता विचारावं, “आज काय शिकलास, मला समजावून सांग.” मुलाला ऐकणारं माणूस मिळालं की सांगायला चेव येतो. २०२० च्या टाळेबंदीत शाळा मोबाइलवर आली आणि मोबाइल हातातच राहिला. तो हिसकावून घेण्यापेक्षा त्या वेळात आपण मुलाजवळ बसावं.

मुलींबद्दल बोलल्याशिवाय खाली बसणार नाही. मुलगा अभ्यासाला आणि मुलगी भांड्यांना, हे अजूनही चालू आहे. सावित्रीबाईंनी १८४८ साली पुण्यात शेणगोळे झेलले ते याचसाठी का? पहाटे पाणी भरून, स्वयंपाक करून आलेल्या मुलीला पेंग आली तर ती आळशी नाही, ती थकलेली आहे. तिच्या हातातलं काम भावाने वाटून घ्यावं, मग बघा तिला गोडी लागते की नाही.

सगळंच घरावर ढकलू नये, हेही खरं. जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे सक्तीचं प्राथमिक शिक्षण मागितलं होतं. चांगली शाळा, पुरेसे शिक्षक हे सरकारकडे मागत राहिलंच पाहिजे. आणि पाढे पाठ करावेच लागतात, त्याला पळवाट नाही. सगळा अभ्यास खेळ होत नाही. पण भीती काढली तर कंटाळवाणं कामही मूल निभावून नेतं, एवढं आम्ही तेरा वर्षांत पाहिलं.

शेवटचं सांगतो. आमचा थोरला आता सुट्टीच्या दिवशी अभ्यासिकेत येतो. त्याच्या पार्सलच्या फेऱ्यांवर मुलं गणितं करतात. इतके किलोमीटर, इतकं पेट्रोल, हातात किती उरलं. मागच्या वर्षी एक मुलगी त्याला म्हणाली, “दादा, तुम्हाला तर सगळं येतं, मग दहावी का नाही केली?” तो काही बोलला नाही. पण पुढे त्याने १७ नंबरचा फॉर्म भरला. पास होईल की नाही, माहीत नाही. रात्री तो वाचत बसतो, आम्ही शेजारी जागे असतो. पट्टा खुंटीला आहे. आता त्याचं काम फक्त पँट सांभाळणं.

पालकांनो, आठवड्यातला एक तास या अभ्यासिकेला द्या, एवढीच विनंती करून आमचे दोन शब्द संपवतो.

जयभीम! नमो बुद्धाय!