गच्चीवरचे ऊन आणि अंगणातले झाड



गच्चीवर सोलर पॅनेल बसवण्याचे फायदे सांगण्यासाठी आम्ही इथे उभे नाही. ते काम विकणारे करतातच, आणि बरे करतात. २०२४ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारची 'पीएम सूर्यघर' योजना सुरू झाली, तीन किलोवॉटच्या संचाला ७८,००० रुपये अनुदान ठरले, आणि घराघरांत पॅनेलचा विचार सुरू झाला. हे चांगलेच झाले. परंतु पॅनेल वर चढले की मालकाची नजर अंगणातल्या आंब्याकडे वळते, आणि मग कुऱ्हाडवाल्याला निरोप जातो. आजचे आमचे बोलणे त्या निरोपाविषयी आहे.

प्रथम पॅनेलचा स्वभाव पाहू. पाणी तापवणाऱ्या सोलर बंबावर थोडी सावली आली तर पाणी त्या मानाने कमी तापते, एवढेच. वीज करणाऱ्या पॅनेलचे तसे नाही. त्यातले सेल एकापुढे एक असे माळेत ओवलेले असतात. विहिरीपासून घरापर्यंत माणसांची ओळ करून घागरी हातोहात पुढे देत असताना मधला एकच गडी पेंगला, तर बाकीच्यांच्या दंडात बळ असूनही घागर अडते; तसेच हे. यावर तोड म्हणून पॅनेलमध्ये बहुधा तीन आडवाटा ठेवलेल्या असतात. सावलीतला भाग वगळून वीज त्या वाटेने पुढे जाते. पण वगळलेला भाग म्हणजे पॅनेलचा तिसरा हिस्सा! नारळाच्या एका झावळीची सावली, दिसायला वीतभर, असा हिस्सा खाऊन जाऊ शकते. तेव्हा मालकाची तक्रार खोटी नसते, हे आधी मान्य करू.

आता सावलीकडे येऊ. पुण्यात १४ मेच्या सुमारास सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. पॅनेलची पाहणी करायला माणूस या दिवसांत आला, तर त्याला दुपारी गच्चीवर सावली दिसणार कुठून? तो 'सर्व ठीक' असे लिहून देतो. तीच गच्ची २१ डिसेंबरला पाहावी. त्या दिवशी पुण्यात भर दुपारी, म्हणजे घड्याळात साडेबाराच्या सुमारास, सूर्य क्षितिजापासून अवघा ४८ अंश वर असतो, आणि तोही दक्षिणेकडे. झाडाचा शेंडा पॅनेलपेक्षा दहा फूट उंच असेल, तर त्याची सावली दुपारी नऊ फूट उत्तरेला जाते. सकाळी साडेनऊला ती अठरा फुटांपर्यंत लांबते आणि वायव्येकडे पडते. म्हणून आमचे म्हणणे असे की, पॅनेलची जागा डिसेंबरात ठरवावी. तेवढा धीर नसेल तर निदान हा हिशेब कागदावर मांडावा: दक्षिणेचे, आग्नेयेचे व नैर्ऋत्येचे झाड पॅनेलपेक्षा जितके उंच, त्याच्या दुप्पट अंतर मोकळे असले म्हणजे चिंता नाही.

परदेशी पुस्तकांतून एक सल्ला हमखास दिलेला असतो: दक्षिणेला पानगळीची झाडे लावा, म्हणजे हिवाळ्यात ती उघडी पडतील आणि ऊन आत येईल. थंड मुलखात ते खरेही आहे. आपला कडुनिंब किंवा गुलमोहर मात्र डिसेंबरात पुष्कळसा पाने धरून असतो, आणि पाने झाडतो ती फेब्रुवारी-मार्चच्या आगेमागे. सूर्य सर्वांत खाली असतो तेव्हा आपले झाड भरलेले! आंबा तर बारमाही हिरवा. म्हणजे तो सल्ला इथे जसाच्या तसा उतरवून चालत नाही.

बरे, उत्तरेच्या झाडाने आपले काय बिघडवले? भर दुपारी त्याची सावली वर्षातला बहुतेक काळ आपल्या गच्चीपासून दूर, उत्तरेकडेच जाते. पश्चिमेचे झाड संध्याकाळचे ऊन अडवते खरे. पण दिवसाची बहुतेक वीज नऊ ते चार या वेळात होऊन गेलेली असते. उलट तेच झाड उन्हाळ्यात पश्चिमेची भिंत तापू देत नाही. ते तोडायचे, मग खोली तापते म्हणून एसी आणायचा, आणि वाचवलेली वीज त्याला पाजायची, हा व्यवहार आम्हांला तरी उमगत नाही.

झाड आणि पॅनेल यांचे भांडण अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात कोर्टापर्यंत गेले होते. तिथे १९७८ पासून कायदा होता की, सकाळी दहा ते दुपारी दोन या वेळात शेजाऱ्याच्या झाडाने पॅनेलचा दहा टक्क्यांहून अधिक भाग झाकू नये. सनीव्हेल गावी एका कुटुंबाने आधी रेडवुडची झाडे लावली. शेजाऱ्याने पॅनेल नंतर, २००१ मध्ये, बसवले. झाडे वाढली आणि २००७ च्या डिसेंबरात झाडांचे मालक दोषी ठरले. पुढे २००८ मध्ये कायदाच बदलला आणि पॅनेलच्या आधी लावलेल्या झाडांना त्यातून वगळण्यात आले. मागाहून आलेल्याने आधीच्याला उठवू नये, हा न्याय आम्हांला पटतो.

आपल्याकडे १९७५ चा महाराष्ट्राचा नागरी क्षेत्रातील वृक्षसंरक्षणाचा कायदा आहे. शहरात स्वतःच्या अंगणातले झाडही परवानगीवाचून तोडता येत नाही. आणि तोडणे यात जाळणे, कापणे किंवा झाडाला कोणत्याही रीतीने इजा करणे हेही येते. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे वा त्याहून जुन्या झाडांना वारसावृक्ष म्हणून वेगळे स्थान दिले. म्हणून मोठ्या फांद्यांना हात लावण्याआधी वृक्ष अधिकाऱ्याला अर्ज करावा.

छाटणीची गोष्ट थोडी सविस्तर सांगतो, कारण नुकसान तिथेच होते. कुऱ्हाडवाला सरसकट शेंडा मारतो. मग त्या थोटकातून डझनभर कोवळे फुटवे सरळ वर येतात, दोन पावसाळ्यांत सावली पुन्हा जागेवर येते, आणि त्या कच्च्या फांद्या वाऱ्यात मोडून कधी पॅनेलवरच पडतात. त्यापेक्षा सावली पाडणारी नेमकी फांदी शोधावी आणि ती जिथून निघाली तिथपर्यंत काढावी. जड फांदी आधी खालून थोडी चिरावी, मग जरा पुढे वरून कापावी, म्हणजे साल सोलवटत नाही. उरलेला खुंट शेवटी फांदीच्या मुळाशी असलेल्या फुगवट्याला धक्का न लावता काढावा. एका वेळी झाडाची चौथाईहून अधिक पाने जाऊ देऊ नयेत. आंब्याला फळ उतरल्यावर लगेच हात लावावा. दिवाळीत छाटाल तर मोहोर जाईल.

इतके करूनही दोनचार पॅनेले सावलीत राहिली, तर प्रत्येक पॅनेलला वेगळा छोटा इन्व्हर्टर जोडण्याची सोय आहे. खर्च वाढतो, पण पेंगणाऱ्या गड्यामुळे सगळी ओळ थांबत नाही. आणि ज्यांना आता नवे झाड लावायचे आहे त्यांनी दक्षिणेला लिंबू, कढीपत्ता, डाळिंब, पारिजातक अशी ठेंगणी मंडळी बसवावी. आंबा, कडुनिंब आणि बकुळ यांना उत्तरेची बाजू द्यावी.