शब्द, स्मरण आणि वर्गातील मूल



वाक्याच्या शेवटास पोहोचेपर्यंत त्याचा आरंभ विसरणारे मूल बहुतेक प्रत्येक वर्गात आढळते. एकेक अक्षर जुळवीत ते वाचते. परंतु काय वाचले, असे विचारताच गप्प राहते. अशा मुलास मठ्ठ ठरविण्यापूर्वी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांचे कार्य ध्यानी घेणे अगत्याचे आहे.

मिलर यांचा जन्म १९२० साली झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हार्वर्ड विद्यापीठात, गोंगाटातून बोलणे कितपत समजते, याचा त्यांनी अभ्यास केला. भाषा आणि स्मृती हे पुढे त्यांचे जन्माचे विषय झाले. एकदा ऐकून माणूस सुमारे सातच घटक मनात धरू शकतो, असे त्यांनी १९५६ सालच्या निबंधात मांडले. पुढील संशोधनाने ही मर्यादा चारच्या आसपास आणली. तथापि निबंधाचे मर्म संख्येत नाही. तारायंत्राची लिपी नव्याने शिकणारा प्रत्येक ठोका निराळा ऐकतो. सरावाने ठोक्यांची अक्षरे, अक्षरांचे शब्द आणि शब्दांचे वाक्प्रयोग होतात. गाठोडी तितकीच राहतात, परंतु एकेकात अधिक माल मावतो. अडखळत वाचणाऱ्या मुलाची गाठोडी अद्याप एकेका अक्षराची असतात, इतकेच.

१९८७ साली मिलर व पॅट्रिशिया गिल्डिया यांनी मुले शब्द कसे शिकतात, यावर लेख लिहिला. केवळ कोश पाहून शब्द वापरणारी मुले विचित्र वाक्ये करीत. ‘झीज होणे’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दापुढे कोशात दिलेल्या शब्दांचा ‘बाहेर जेवणे’ असाही अर्थ होतो. तेव्हा आपले कुटुंब पुष्कळ झिजते, असे एका मुलाने लिहिले! याउलट, ऐकता-वाचताना मुले अनेक शब्द सहज उचलतात. प्रिन्स्टन विद्यापीठात १९८५ पासून मिलर यांनी अर्थसंबंधांनी शब्द जोडणारा ‘वर्डनेट’ हा संगणकीय कोश रचविला. २०१२ साली ते निवर्तले.

यातून शिक्षकाने काय घ्यावे? एका दमात पाच सूचना देऊ नयेत. शब्दार्थांच्या याद्या घोकून घेण्याऐवजी शब्द वाक्यात व गोष्टीत पुनःपुन्हा भेटवावेत. परिचित शब्द एका दृष्टिक्षेपात ओळखण्याचा सराव द्यावा. आणि विसरलेल्या मुलास दोष देण्यापूर्वी, त्याच्या मनावर एका वेळी किती ओझे ठेवले, याचा हिशेब आधी स्वतःशी करावा.