अ‍ॅट्रोपिन का संपते?

कपाशीवर फवारणी करताना ऑर्गॅनोफॉस्फेट गटातले कीटकनाशक अंगात भिनले, तर रुग्णाला वाचवणारे पहिले औषध अ‍ॅट्रोपिन. ते जुने आहे, स्वस्त आहे, त्यावर कुणाचे पेटंट नाही. तरीही त्याची टंचाई होते.

त्याची एक अँप्यूल 0.6 मिलिग्रॅमची. गंभीर रुग्णाला सुरुवातीला तीन अँप्यूल देतात. छाती मोकळी झाली नाही, नाडी वाढली नाही, तर दर पाच मिनिटांनी मात्रा दुप्पट करत जातात. तीन, सहा, बारा, चोवीस, म्हणजे पंधरा मिनिटांत पंचेचाळीस अँप्यूल; पुढे सलाईनमधून औषध चालूच राहते. वणीसारख्या तालुक्याच्या गावापासून यवतमाळचे वैद्यकीय महाविद्यालय सुमारे शंभर किलोमीटरवर आहे, त्यामुळे ही पंधरा मिनिटे तालुक्यातच निभवावी लागतात. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तेव्हा वापरात असलेल्या प्रत्येक कीटकनाशकावर अ‍ॅट्रोपिन लागू पडत नाही, हे खरे. जिथे लागू पडते, तिथे मात्र ते हाताशीच हवे.

टंचाईचे पहिले कारण मागणीच्या हिशेबात आहे. वर्षाच्या खपाची महिन्याला सरासरी काढून साठा मागवला, की मार्चमध्ये तो पडून राहतो आणि फवारणीच्या दिवसांत अपुरा पडतो. दुसरे कारण किमतीचे. कमाल किमतीला कायद्याची मर्यादा आणि कच्चा माल महाग, अशा कात्रीत सापडलेला उत्पादक त्या औषधातून अंग काढून घेतो. ऑक्टोबर 2024 मध्ये राष्ट्रीय औषध किंमत नियामक प्राधिकरणाने आठ औषधांच्या अकरा प्रकारांची कमाल किंमत 50 टक्क्यांनी वाढवली. त्यात अ‍ॅट्रोपिनचे हेच इंजेक्शन होते. रुग्णाला थोडे जास्त मोजावे लागले तरी तो निर्णय योग्यच होता. न मिळणारे स्वस्त औषध कुणाच्याच कामाचे नसते. तिसरे कारण सरकारी खरेदीतला विलंब. महाराष्ट्राने 2017 मध्ये ही खरेदी हाफकिन महामंडळाकडे सोपवली, पुढे 2023 मध्ये कायदा करून वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण नेमले. यंत्रणा बदलली तरी निविदा, दरकरार, पुरवठा आणि देयके ही साखळी तीच राहते, आणि तिची एक कडी अडली की रुग्णालयाचे कपाट रिकामे होते.

नियमनाची मुख्य तरतूद 2013 च्या औषध किंमत नियंत्रण आदेशात आहे. किंमत-नियंत्रित औषधाचे उत्पादन थांबवायचे असेल, तर किमान सहा महिने आधी कळवावे लागते आणि सरकार एक वर्षापर्यंत उत्पादन चालू ठेवायला लावू शकते. पण उत्पादन सुरू असताना एखाद्या तालुक्यात औषध संपले, तर ही तरतूद तिथवर पोहोचत नाही. फ्रान्सने 2021 पासून अत्यावश्यक औषधांचा साधारण दोन महिन्यांचा राखीव साठा उत्पादकांवर बंधनकारक केला आहे. तशी सक्ती आपल्याकडेही हवी, निदान विषबाधा आणि सर्पदंशावरच्या औषधांसाठी.

कायदा होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. या अधिवेशनाने एवढा एक ठराव करावा: दरवर्षी जुलैअखेर प्रत्येक तालुक्यातील सरकारी रुग्णालय, खाजगी दवाखाने आणि औषध दुकाने यांनी अ‍ॅट्रोपिनचा साठा एकत्र मोजावा, त्याच्या मुदतीच्या तारखा तपासाव्यात आणि तूट असेल तर ती अन्न व औषध प्रशासनाला व जिल्हा शल्यचिकित्सकांना लेखी कळवावी.