पडद्यावरची बोली आणि घरातला संवाद



ग्रामीण महाराष्ट्रात ‘डीपी’ म्हटले की डोळ्यांपुढे उभे राहते ते विजेचे रोहित्र. डीपी जळाली म्हणजे विहिरीवरची मोटार बंद आणि उभ्या पिकाला पाण्याची ओढ. शहरात नगररचनेशी संबंध आलेल्या माणसास याच दोन अक्षरांत विकास आराखडा दिसतो. घरातील नातीच्या लेखी मात्र डीपी म्हणजे भ्रमणध्वनीवर नावाशेजारी झळकणारे छायाचित्र. “आजोबा, किती जुना डीपी आहे, बदला की आता,” असे ती म्हणाली आणि आजोबांनी “अर्ज देऊन पंधरा दिवस झाले, अजून कोणी फिरकले नाही,” असे उत्तर दिले, तर दोघांपैकी कोणाचेही मराठी चुकले असे म्हणता येणार नाही. शब्द एकच आहे. तो दोन वेगळ्या वाटांनी एकाच घरात आला आहे.

इंटरनेटवरील बोलीविषयी वडीलधाऱ्यांची पहिली तक्रार असते ती तोडलेल्या, आखडलेल्या शब्दांची. ही तक्रार करताना मराठी पत्रलेखनाची परंपरा विसरली जाते. ‘ती.’, ‘चि.’, ‘सौ.’, ‘सा. न. वि. वि.’, ‘ता. क.’ ही सारी संक्षिप्त रूपेच होत. ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ हे पूर्ण लिहिण्याइतकी सवड व शाई जुन्या पिढीपाशीही नव्हती. आजच्या सोळा वर्षांच्या मुलीपुढे असे पोस्टकार्ड ठेवले, तर आजोबा ‘एलओएल’ या अक्षरांपुढे जसे थबकतात तशीच ती थबकेल. जगभर रुळलेला ‘ओके’ हा शब्दही १८३९ साली बोस्टनच्या एका वृत्तपत्रात, मुद्दाम चुकीचे लिहिण्याच्या तत्कालीन गमतीतून छापला गेला. ‘ओएमजी’ हे रूप १९१७ साली ब्रिटिश आरमाराचे अधिकारी लॉर्ड फिशर यांनी चर्चिल यांना लिहिलेल्या पत्रात आढळते. तेव्हा आखडते लिहिणे हा केवळ पोरवयाचा दोष मानता येत नाही.

साधनाची मर्यादाही येथे ध्यानात घ्यावी लागते. तारेत दर शब्दागणिक दाम मोजावे लागत, म्हणून तारेची एक कोरडी भाषा घडली. ती सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. त्याआधीच भ्रमणध्वनीवरचा लघुसंदेश आला होता. रोमन लिपीत एका संदेशात १६० अक्षरचिन्हे मावत, तर देवनागरीत केवळ ७०, आणि त्यांत काना, मात्रा, वेलांटीही वेगळ्या मोजल्या जात. तरुणांनी मराठी रोमन लिपीत लिहिली याचे खापर निव्वळ त्यांच्या अनास्थेवर फोडणे न्याय्य नाही. ‘ग्रेट’ हा शब्द लिहिताना ‘जीआर’ व त्यापुढे आठचा आकडा टाकण्याची क्लृप्ती त्याच काळची. (शासकीय कर्मचाऱ्यास ‘जीआर’मध्ये शासन निर्णयच दिसला असेल, ही गोष्ट वेगळी.)

नवे शब्द मराठीत येतात ते मराठीचे व्याकरण पत्करून. ‘लिंक’ ती झाली, ‘मीम’ ते झाले. ‘ट्रोल’ला मराठीने धाड जोडली आणि ‘ट्रोलधाड’ असा अस्सल समास सिद्ध केला. पूर्वी केवळ तापाला लागणारे ‘व्हायरल’ हे विशेषण आता चित्रफितीस लागते. उलट, कोल्हापूरकडचा ‘नादखुळा’ पडद्यावर चढून राज्यभर पोहोचला, आणि ‘विषय हार्ड’सारखा दुपेडी प्रयोग आज महाविद्यालयांच्या आवारात सहज कानी पडतो. ज्या भाषेने अर्ज, वकील, तारीख, तसेच बटाटा, पगार, चावी हे शब्द पचविले, तिची पचनशक्ती एवढ्याने ढासळेल हे भय अनाठायी आहे.

खरी अडचण आहे ती अर्थ पिढीगणिक बदलण्याची. ‘एलओएल’ला ऑक्सफर्डच्या इंग्रजी शब्दकोशात २०११ साली स्थान मिळाले, परंतु पुष्कळ तरुण मंडळींच्या दृष्टीने ते आता वडिलांच्या वयाचे लक्षण झाले आहे. ते हसण्यासाठी कवटीचे चित्र पाठवितात. ‘हसून हसून मेलो’ असा त्याचा भाव. वाक्प्रचार मराठीलाही परका नाही, पण आजीला सकाळी सकाळी कवटी दिसली तर तिचा जीव दचकणारच. आजोबांनी सौजन्याने पाठविलेला वर केलेला अंगठा नातवाला तुटक वाटतो. अशा ठिकाणी होणारा गैरसमज हसण्यावारी नेता येतो. काही ठिकाणी तो तसा नेता येत नाही.

मृत्यू व आत्महत्या या विषयांवरील लेखनास काही समाजमाध्यमे आडकाठी करतात. ती चुकविण्यासाठी इंग्रजीत ‘अनअलाइव्ह’ असा शब्द रूढ झाला. मुलाच्या बोलण्यात वा लिहिण्यात हा शब्द स्वतःसंबंधी आला आणि आईला तो ‘काहीतरी नवीन खूळ’ वाटला, तर मदतीची हाक दाराशी येऊन परत जाते. शब्दाचा अर्थ त्याच क्षणी, न रागावता, मुलालाच विचारणे यासारखा उपाय नाही. मनःस्वास्थ्याविषयी मोफत सल्ल्यासाठी ‘टेलि-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

उलट बाजूने पाहावे तर ‘डिजिटल अटक’ हा शब्द आहे. तो तरुणांनी नव्हे, भामट्यांनी चलनात आणला. भारतीय कायद्यात अशी कोणतीही अटक नाही. तरीही दृक्‌श्राव्य संभाषणावर गणवेशातील माणूस दाखवून निवृत्त, सुशिक्षित माणसांना घरात डांबून त्यांची आयुष्यभराची पुंजी लुबाडल्याचे प्रकार घडले आहेत. ‘हे नवीन काही निघाले असेल, आपल्यालाच ठाऊक नसेल’ हा संकोच भामट्यांच्या पथ्यावर पडतो. शेजारच्या खोलीतील नातवाला हाक मारून “याचा अर्थ काय रे?” एवढे विचारले असते, तर कित्येक ठिकाणी पैसे वाचले असते. अशी फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावयाचे असते, ही माहिती नातवंडांनी घरातील वृद्धांना द्यावयाची आहे.

विचारणे दोन्हीकडून व्हावे लागते. नातीने डीपीचा अर्थ सांगितल्यावर जुन्या पेटीतील पत्र काढून “ता. क. म्हणजे काय हो?” असे विचारले, तर आजोबा ‘ताजा कलम’ असे मोठ्या अभिमानाने सांगतील. त्यातला ‘ताजा’ फारसीतून आलेला आणि ‘कलम’ अरबीतून, हे तिला शब्दकोश उघडल्यावर कळेल.